जगताप मॅडमचा हिरवा चौकोन

सुरेखा जगताप मॅडमना मी एकदाच धावताना पाहिलं. त्याला आता बराच काळ झाला, पण अजूनही कुणी मोबाइल पुढे करून, त्यावरचा हिरवा रंग दाखवत 'सगळं ओके आहे' म्हणालं की मी आधी विचारतो, प्रत्यक्ष जाऊन कुणी पाहिलंय का? बायको म्हणते, तुम्ही फार संशयी झालात. झालोच आहे. त्या दुपारी जे पाहिलं ते पाहून संशयी झालो नसतो तरच नवल.

आमची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. लोखंडी कपाटं, पंखे, सायकली असल्या मालाला लागणारा रंग आम्ही बनवतो. मी बदलापूरहून येतो आणि खरेदी विभागात बसतो. खरेदीतल्या माणसाचा तसाही कुणावर विश्वास नसतो. ड्रम भरलेला आहे असं कुणी सांगितलं तर आम्ही तो आधी हलवून बघतो. मॅडमचं टेबल माझ्या बरोबर समोर होतं. कंपनीत जे जे मोजलं जातं, म्हणजे माल किती बनला, किती गेला, किती परत आला, कुठल्या यंत्रानं किती वीज खाल्ली, ते सगळं गोळा करून मालकांना समजेल अशा चित्रांत मांडायचं, हे त्यांचं काम. संख्याशास्त्र शिकलेल्या. राहायला उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये.

दिसायला साध्या. कडक इस्त्रीचा सुती पंजाबी ड्रेस, केसांत काळी क्लिप, पायात कायम सपाट चपला. गुडघा दुखायचा म्हणून चालणं सावकाश. बोलणंही सावकाश, पण त्यात एक शब्द असा होता की तो आला की समोरचा गडबडायचा. कुणी म्हणालं, "आज उकाडा जास्त आहे," की मॅडम चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कशापेक्षा?" कुणी म्हणालं, मुलाला मार्क कमी पडले. "कशापेक्षा?" कॅन्टीनवाल्यानं एकदा मोठ्या कौतुकानं सांगितलं की आजची उसळ चांगली झाली आहे. त्यालाही तेच विचारलं. बिचारा म्हणाला, "कालच्यापेक्षा, मॅडम," आणि मग काल ज्यांनी उसळ खाल्ली होती ते सगळे त्याच्याकडे रोखून बघू लागले.

आमचे मालक मोहनशेठ. तेही कॅम्प चारचेच, सिंधी. मॅडम त्यांना रोज सकाळी विचारायच्या, "साईं, छा हाल आहे?" कॅम्पात वाढलेल्या माणसाला सिंधी मुद्दाम शिकावी लागत नाही, कानावर पडून पडून ती येतेच. शेठ खूश व्हायचे. ती खुशी एकदा मात्र सगळ्यांसमोर उतरली. पुण्याचं एक मोठं गिऱ्हाईक आलं होतं. शेठनी भाच्याकडून विक्रीचा आलेख काढून घेतला होता, आणि भाचा हुशार. त्यानं उभी रेघ शून्यापासून सुरू न करता मधूनच कुठूनतरी सुरू केली होती, त्यामुळे विक्रीतली थोडीशी वाढ डोंगरासारखी दिसत होती. पाहुणे माना डोलावत होते. प्रोजेक्टर चालवायला मॅडम बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "एक मिनिट हं," आणि त्यांनी रेघ शून्यावर आणली. डोंगर तिथल्या तिथे झोपला.

शेठ पडद्याकडे बघतच राहिले. "मॅडम, पहाड किधर गया?"

"पहाड नव्हताच, साईं. जरासा चढ होता. तेवढाच आहे, पण खरा आहे."

माझ्या तोंडातला चहा नाकात गेला. मला वाटलं, आज या बाईंची नोकरी गेली. पण गिऱ्हाईक मोठ्यानं हसलं आणि ऑर्डर देऊन गेलं. पहाडामुळे की चढामुळे, ते त्यालाच ठाऊक. शेठनी भाच्याला घरी पाठवलं आणि तेव्हापासून मॅडमच्या चित्रांवर डोळे मिटून विश्वास ठेवायला लागले. पुढचं सगळं त्या विश्वासातूनच निघालं.

चित्रांचं वेड त्यांनी घरीही नेलं होतं. त्यांच्या गल्लीत नळाला पाणी येण्याचा भरवसा नसायचा. मॅडमनी पाणी कधी येतं, किती वेळ टिकतं, याची नोंद ठेवून त्याचा रंगीत तक्ता केला आणि नळाशेजारी चिकटवला. बायका खूश. कुठल्या दिवशी हंडे भरायचे, कुठल्या दिवशी निवांत झोपायचं, सगळं रंगात दिसत होतं. एका आठवड्यात बारवी धरणाकडून येणारी पाइपलाइन दुरुस्तीला घेतली, आणि तक्त्यात निळा असलेला दिवस कोरडा गेला. हंडे कुणीच भरले नव्हते, कारण तक्ता सांगत होता उद्या येणार. शेजारच्या काकूंनी तक्ता ओरबाडून काढला आणि म्हणाल्या, "सुरेखा, तुझा हा कागद धुऊन पी आता." हे मॅडमनी स्वतःच आम्हाला हसत सांगितलं. वर म्हणाल्या, "काकूंचं बरोबर आहे. तक्ता नव्हता तेव्हा त्या रोज भरून ठेवायच्या." आम्हीही हसलो. त्यात हसण्यासारखं फार नव्हतं हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता गणपत भोईर. बारवी धरणाच्या बाजूच्या पाड्यावरून मोटरसायकलनं यायचा. घरी भाताची थोडी शेती, तोंड अखंड चालू, आणि कामात अंग राखून; संधी मिळाली की आवारातल्या आंब्याखाली. त्याचं काम थिनरच्या गोदामात फेरी मारण्याचं. थिनरची वाफ साचली आणि एखादी ठिणगी पडली तर भडका उडायला क्षण पुरतो. त्या वाफेचा वास येतो, पण आमच्याकडे वासाचा उपयोग नाही; थिनरचा वास तर आमच्या जेवणाच्या डब्यांनाही यायचा. म्हणून गणपत हातात वाफ मोजणारा छोटा मीटर घेऊन दर तासाला गोदामात फिरायचा आणि दिसेल तो आकडा लिहून आणायचा.

एका सकाळी मॅडमनी त्याला बोलावून घेतलं.

"भोईर, मंगळवारी दुपारी कुठे होतात?"

"गोदामात, मॅडम."

"नाही. आंब्याच्या झाडाखाली होतात."

गणपत चपापला. "कोन बोल्ला?"

"तुमचे आकडे बोलले." मॅडमनी संगणक त्याच्याकडे वळवला. आठवडाभराच्या आकड्यांची रेघ थरथरत, वरखाली होत चालली होती, आणि मंगळवारी दुपारी ती पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती. "गोदाम कधी इतकं गप्प नसतं. कुणी ड्रम उघडतं, कुणी झाकतं. आकडा हलणारच. तुम्ही झाडाखाली बसून एकच आकडा लिहीत गेलात."

गणपतनं बराच वेळ ती रेघ पाहिली. मग म्हणाला, "ऊन लय होता, मॅडम."

मी थक्क झालो होतो. इतकी वर्षं ते आकडे कागदावर पडून होते आणि कुणाला काही दिसलं नव्हतं. मॅडमनी गणपतची तक्रार केली नाही, पण त्या दिवसानंतर त्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. माणूस झाडाखाली बसू शकतो. यंत्र बसत नाही.

त्याच सुमारास शेठच्या डोक्यात नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं आलं. कंपनीचे सगळे आकडे आपोआप गोळा करून मोठ्या पडद्यावर रंगीत चित्रांत दाखवणारं. असली तीन-चार सॉफ्टवेअर बाजारात होती. मॅडमनी ती सगळी चालवून पाहिली आणि शेठसाठी टिपण लिहिलं. एका पानावर फायदे, दुसऱ्या पानावर तोटे. मी ते वाचलं होतं, कारण खरेदी माझ्याकडूनच व्हायची होती. फायद्यात लिहिलं होतं की प्रत्येक विभागाच्या वेगवेगळ्या फायली एका जागी येतात. आकडा बदलला की चित्र लगेच बदलतं, महिनाअखेरची वाट बघावी लागत नाही. बोट लावलं की वर्षावरून महिन्यावर, महिन्यावरून दिवसावर उतरता येतं, आणि शेठ लग्नाला गेले असले तरी फोनवर सगळं दिसतं. तोट्यांचं पान जास्त भरलेलं होतं. वापरणाऱ्या प्रत्येक माणसामागे वर्षाला पैसे भरावे लागतात. आत जाणारी माहिती चुकीची असेल तर बाहेर चूकच येते, फक्त रंगीत होऊन येते. सरासरीत एखादा वाईट तास बुडून जातो. आणि हिरवा कधी लाल व्हायचा हे कुणीतरी माणसानंच ठरवलेलं असतं, पण बघणारा ते विसरतो.

शेठनी पहिलं पान वाचलं. "दुसरा पान बाद में," म्हणाले. ते बाद में कधी आलं नाही.

पण टिपणाच्या शेवटी एक सूचना होती, ती शेठनी बरोबर वाचली. गोदामात वाफ मोजणारे सेन्सर बसवून ते सॉफ्टवेअरला जोडावेत, आणि मग गणपतची तासातासाची फेरी बंद करायला हरकत नाही. ही सूचना मॅडमची होती आणि खाली सही त्यांची होती.

पावसाळ्याआधी सेन्सर बसले. रिसेप्शनमध्ये भिंतभर पडदा लागला. त्यात उजव्या कोपऱ्यात गोदामाचा एक चौकोन. हिरवा म्हणजे सुरक्षित, लाल म्हणजे धोका, आणि मधोमध आकडा. गणपतला गेटवर बसवलं. खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, पण त्याचं तोंड उतरलं. गेटवर त्याला बोलायला कुणी नव्हतं. मला म्हणाला, "साहेब, माझी जागा त्या डबीनं घेतली." डबी म्हणजे सेन्सर. रागानं नाही म्हणाला. शेजाऱ्याकडे नवा बैल आला की माणूस त्याच्याबद्दल बोलतो तसं म्हणाला.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या यंत्रांची पूजा होते. यंत्रं धुतात, हार घालतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. त्या दिवशी मॅडम कधीच नसायच्या. दसऱ्याला त्या घरच्यांबरोबर दीक्षाभूमीला जायच्या, त्यासाठी नवमीलाच नागपूरची गाडी पकडायच्या, आणि ही रजा सोडून दुसरी कुठलीही रजा रद्द करायला तयार असायच्या. त्या वर्षी पूजा जोरात झाली. शेठनी स्वतः भिंतीवरच्या पडद्याला हार घातला.

दसऱ्यानंतर कामाला लागलो तेव्हा गोदामाच्या चौकोनात शून्य होतं. दुसऱ्या दिवशीही शून्य. शेठना इतका आनंद झाला की त्यांनी चौकोनासमोर उभं राहून फोटो काढला आणि धंद्यातल्या सगळ्या ग्रुपांवर टाकला. पुण्याच्या गिऱ्हाइकालाही पाठवला. गिऱ्हाइकानं उलट शाबासकीच्या अंगठ्याचं चित्र पाठवलं. येता-जाता आम्ही सगळे त्या हिरव्याकडे बघत होतो. मॅडमही बघत होत्या.

दिवाळीची घाई सुरू झाली होती. गोदामाच्या बाहेरच्या भिंतीला लागून लोखंडी रॅक बनवायचं होतं. लोखंड मीच आणलं होतं. कापायला आणि जोडायला अस्लम आला, आमचा नेहमीचा वेल्डर. गोदामाजवळ आग लागेल असं कुठलंही काम करायचं तर आधी परवानगी लागते. पूर्वी गणपत मीटर घेऊन जायचा, आकडा बघायचा आणि मग परवानगी मिळायची. आता सुपरवायझर पडद्याकडे बघायचा.

जेवणानंतरची वेळ. मॅडम महिन्याचा अहवाल करत होत्या. अहवालासाठी त्यांना चौकोन चालायचा नाही, त्या आतली रेघ उघडायच्या. मी समोर बिलं लावत होतो. एकदम त्यांचा हात थांबला.

"हा मेलाय," त्या म्हणाल्या.

मी बिलांवरून मान वर केली. "कोण, मॅडम?"

"सेन्सर." त्यांनी संगणक माझ्याकडे वळवलाही नाही. मी उठून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. नवमीपर्यंत रेघ थरथरत आली होती. नवमीपासून ती पट्टीनं ओढल्यासारखी सरळ होती, शून्यावर. मला ती मंगळवारची दुपार आठवली.

"अस्लमला परवानगी कुणी दिली?" मॅडमनी विचारलं.

"पडद्यानं," मी म्हणालो.

गोदामाजवळ फोन न्यायला बंदी, म्हणजे फोन करून उपयोग नाही. मॅडम उठल्या आणि धावल्या. दुखरा गुडघा, सपाट चपला. जिन्यात एक चप्पल निघाली ती तिथेच राहिली. मी मागे. अंगणातून धावताना त्या ओरडत होत्या, पण कारखान्याच्या आवाजात कुणाला ऐकू येतंय. गोदामाच्या भिंतीपाशी अस्लम काळा चष्मा लावून उभा होता. एका हातात गॅस कटरचा नळा, दुसऱ्या हातात पेटवायचं लायटर. मॅडमनी जाऊन दोन्ही हातांनी त्याचं मनगट धरलं.

"पेटवू नका," त्या म्हणाल्या. आता आवाज अगदी हळू होता.

अस्लमनं चष्मा वर केला. एवढी मोठी बाई एका पायात चप्पल नसलेली, धापा टाकत आपला हात धरून उभी आहे, हे त्याला कळेना. "मॅडम, मेरेको बोला ना, ऊपर हरा है, चालू कर."

"हो. बोलले असतील. तरी नको."

मी सिलिंडर बंद केला. गणपतच्या फेरीचा तो छोटा मीटर आणायला कुणीतरी पळालं. तो मॅडमच्याच कपाटात कुलपात होता, फेरी बंद झाल्यापासून. आणला तर चालू होईना. सेल संपले होते. सगळे त्या मेलेल्या मीटरकडे बघत होते. मग कॅन्टीनवाल्यानं भिंतीवरच्या घड्याळातले सेल काढून आणले. सुपरवायझरनं ते घातले आणि मीटर गोदामाच्या दाराखालच्या फटीशी धरला.

मीटर किंचाळला. आकडा वर चढत गेला आणि त्याच्यापुढे त्या मीटरला मोजताच येत नव्हतं.

अस्लमनं हातातलं लायटर जमिनीवर ठेवलं. फेकलं नाही, अलगद ठेवलं. मग तोही खाली बसला आणि पाणी मागितलं. मी भिंतीला टेकलो. त्या भिंतीपलीकडे थिनरचे ड्रम रांगेनं उभे होते, आणि आम्ही सगळे तिथे घोळक्यानं जमलो होतो, हे माझ्या सावकाश लक्षात आलं. मॅडमनीच सगळ्यांना लांब हटवलं.

सगळी दारं उघडून वाफ बाहेर जाऊ दिली. मग सुपरवायझर आणि गणपत आत गेले, कारण आतली प्रत्येक जागा गणपतलाच माहीत होती. एका ड्रमच्या तळाला बारीक भोक पडलं होतं आणि थिनर जाळीखालच्या गटारात साचत होतं. गणपत बाहेर आला तेव्हा त्याच्या खांद्यावरचा पंचा हातात होता आणि त्यावर लाल डाग होते. मला वाटलं, रक्त. तो रडत होता.

"मॅडम, कुंकू हाय," तो म्हणाला. "नवमीला आमी सगल्या मशिनींना लावला. पंपाला लावला, वजनकाट्याला लावला. ह्या डब्या तर माझा काम करतात. त्यांना कशी ठेवायची कोरी? सगल्या डब्यांना जरा जास्तच लावला. तेलात कालवून, टिकावा म्हनून."

सगळ्या डब्यांच्या तोंडाच्या जाळ्या तेलाच्या कुंकवानं बुजल्या होत्या. वाफ आत शिरणार कुठून? म्हणून शून्य. गणपतनं आत्ता पंच्यानं पुसून त्या मोकळ्या केल्या होत्या. आम्ही वर आलो तेव्हा गळती थांबली होती, वाफ बरीच ओसरली होती, आणि पडद्यावरचा चौकोन लाल झालेला होता. इतके दिवस हिरवा राहून तो आत्ता लाल झाला होता. रिसेप्शनमधली मुलगी विचारत होती, आता काय झालं?

दोन दिवसांनी शेठनी बैठक घेतली. पुण्याच्या गिऱ्हाइकाला बातमी लागली होती. त्यांच्याकडे नियम कडक. असं काही झालं की लेखी अहवाल लागतो, त्यात जबाबदार माणसाचं नाव लागतं, आणि तो माणूस त्या कामावर राहता कामा नये. शेठ म्हणाले, "मॅडम, सीधा लिखो. कुंकू का टीका लगाया, सेन्सर बंद पडा. भोईरचं नाव टाका, बात खतम. गरीब माणूस आहे, मी त्याला काहीतरी देऊन गावी पाठवतो."

गणपत दाराशी उभा होता. त्याचं तर आधीच ठरलं होतं, असा त्याचा चेहरा होता. घरी म्हातारे आईवडील, दोन पोरी शाळेत, आणि पावसानं त्या वर्षी भात आडवा केलेला.

मॅडमनी पडद्यावर रेघ आणली. त्यावर एक उभी खूण केली. "इथे कुंकू लागलं." मग तिच्या बऱ्याच डावीकडे दुसरी खूण केली. "आणि इथे फेरी बंद झाली. फेरी चालू असती तर दसऱ्यानंतर पहिल्याच फेरीत कळलं असतं, कारण हातातला मीटर आणि हा पडदा जुळले नसते. पहिली खूण भोईरची. दुसरी माझी आहे. पहिली नसती तरी कधीतरी काहीतरी झालंच असतं. धूळ बसली असती, वायर तुटली असती. दुसरी नसती तर काहीच झालं नसतं."

शेठ वैतागले. "तो क्या, सॉफ्टवेअर निकाल दूं?"

"नको, साईं. चांगलं आहे ते. झाडाखालची दुपार पकडली ती अशाच रेघेनं, आणि मेलेला सेन्सरही मला हिच्यातच दिसला. तुम्ही बघता तो चौकोन, त्यात यातलं काही दिसत नाही. सॉफ्टवेअर ठेवा आणि फेरीही ठेवा. भोईर झाडाखाली बसला तर पडदा सांगेल. पडदा आंधळा झाला तर भोईर सांगेल."

"दो-दो खर्चा?"

"अस्लमला विचारा."

मॅडमनी अहवाल पुढे सरकवला. जबाबदार माणसाच्या जागी त्यांचं स्वतःचं नाव टाइप केलेलं होतं.

शेठनी त्यांना चार वेळा समजावलं, हिंदीत, सिंधीत, शेवटी हात जोडून. शेठ वाईट माणूस नाही, त्यांना त्या बाई खरंच हव्या होत्या. पण अहवाल बदलेना, आणि गिऱ्हाईक सोडणं शेठना परवडणारं नव्हतं. अहवाल तसाच पुण्याला गेला. फेरी परत सुरू झाली आणि मॅडमना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली.

मला राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं. जेवताना मी त्यांना म्हणालो, "मॅडम, हे काय करून बसलात? तुमची मुलगी अजून शिकतेय. कुंकू त्यानं लावलं. तुम्ही तर तेव्हा नागपूरला होतात."

त्यांनी पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला. "नागपूरला मी दरवर्षी जाते. पूजाही दरवर्षी होते. इतक्या वर्षांत मी कधी विचारलं नाही की तुम्ही कशाकशाला लावता. ती डबी झाकायची नसते हे त्याला कुणी सांगितलं? ते सांगण्याचं काम कुणाचं होतं? तिथे काय आहे हे मला तरी कुठे माहीत होतं? माझ्या दृष्टीनं तो एक चौकोन होता." मग तुकडा परत डब्यात ठेवत म्हणाल्या, "अस्लमचा हात धरला ना मी, तो गरम होता. रात्री झोपले की तोच हात येतो समोर."

मी माझा डबा बंद केला.

शेवटच्या दिवशी कॅन्टीननं केक आणला होता, शेठनी शाल दिली, फोटो झाले. मॅडमनी टेबल आवरलं, कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे दिल्या. मला वाटलं आता निघतील. पण त्या गेटकडे न जाता खाली गोदामाकडे वळल्या. मी पिशवी घेऊन मागे गेलो. गणपत मीटर घेऊन फेरीला निघालाच होता.

"भोईर, मला घेऊन चला," मॅडम म्हणाल्या.

"कुठं, मॅडम?"

"फेरीला."

गणपतनं त्यांच्या चपलांकडे पाहिलं. गोदामात सेफ्टी बुटांशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि मॅडमच्या मापाचे बूट कंपनीत नव्हतेच, कारण त्या कधी आत गेलेल्याच नव्हत्या. गणपतनं कुणाचेतरी बूट आणून दिले. ते इतके मोठे होते की त्या पाय उचलत नव्हत्या, ओढत होत्या. मी दाराशी उभा राहिलो. ड्रमांच्या रांगांतून ती दोघं सावकाश चालली होती. गणपत पुढे, बोलत बोलत. मॅडम मागे, ऐकत.

पहिल्या सेन्सरपाशी गणपत थांबला आणि त्यानं मीटर खाली नेला. मॅडम भिंतीवर शोधत होत्या, डोळ्यांच्या उंचीवर.

"कुठे आहे?"

"हा काय," गणपत म्हणाला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. घोट्याच्या उंचीवर, गटाराच्या जाळीजवळ, एक मुठीएवढी राखाडी डबी होती. "वाफ खाली बसते ना, मॅडम. म्हनून डबी पन खाली."

मॅडम भिंतीला धरून, दुखरा गुडघा सांभाळत, कडक इस्त्रीच्या ड्रेसनिशी त्या थिनरच्या डागांनी काळ्या झालेल्या जमिनीवर बसल्या. डबीच्या तोंडाची जाळी त्यांनी बोटानं चाचपून पाहिली.

"इतकं खाली," त्या म्हणाल्या. "मला वाटायचं समोर असेल."

गणपतनं आकडा वाचला, लिहिला, आणि त्यांना उठायला हात दिला. "चला, मॅडम. अजून बऱ्याच हायेत." मॅडम उठल्या आणि त्याच्या मागून पुढच्या रांगेत गेल्या. ओढत्या बुटांचा आवाज थोडा वेळ येत राहिला, मग तोही येईना. मला पुढे जाऊन बघायचं होतं, पण माझ्याही पायात साधेच बूट होते, आणि इतक्या वर्षांत मीही कधी आत गेलो नव्हतो.